टाच पुढे, बोटं मागे

डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून प्लास्टिकची एक बाहुली काढली, तिचा डावा पाय धरला आणि गर्रकन उलटा फिरवला. बाहुलीची टाच पुढे आली, बोटं पाठीमागे गेली. हर्षालीनं तोंडाला पदर लावला. धनराज मात्र पुढे वाकून बघत राहिला.

त्यांची सृष्टी तेव्हा सात वर्षांची होती. जन्मापासूनच तिच्या डाव्या मांडीचं हाड वाढलेलं नव्हतं. पाय होता, पाऊल होतं, पाची बोटं होती, पण सगळं वर उचलून धरल्यासारखं. डावं पाऊल उजव्या गुडघ्याच्या उंचीवर लोंबायचं. एका कुबडीवर ती मळ्यातल्या सऱ्यांमधून अशी भराभर उड्या मारत जायची की तिच्या वयाची पोरं मागे पडायची. मखमलाबादच्या पुढे कालव्याच्या कडेला धनराजचा मळा होता; झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. वस्तीला सृष्टीच्या पायाची सवय झालेली. 'धनराजची लंगडी' म्हटलं की कुणालाही कळायचं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईटही नसायचं.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक म्हणजे पाऊल काढून टाकायचं आणि वरून नकली पाय लावायचा. बरेच जण तेच करतात. पण मग तिला गुडघा नाही. दुसरा मार्ग हा. पाय आतून उलटा फिरवून बसवला की तिचा घोटा गुडघ्याचं काम करतो. पाऊल नकली पायात घालायचं आणि घोट्याच्या जोरावर तो पाय दुमडायचा. जिना चढता येईल, सायकल चालवता येईल, पळता येईल. आपल्याकडे फार कमी होतं हे ऑपरेशन."

"आणि नकली पाय काढल्यावर?" हर्षालीनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी बाहुली टेबलावर आडवी ठेवली. "काढल्यावर पाऊल उलटंच दिसणार. ते आता जन्मभर तसंच."

विचार करायला आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांत नवराबायकोचं त्यावर एकदाच धड बोलणं झालं, तेही शेवंतीला पाणी भरताना.

"कापलेला पाय लोकांना कळतो," हर्षाली म्हणाली. "म्हणतील, पोरीचा पाय गेला, बिचारी. उलटा केला तर काय म्हणतील? उलटे पाय कुणाचे असत्यात, ते काय मी तुम्हाला सांगायला पायजे का?"

धनराजला एवढंच दिसत होतं की सृष्टी त्या पावलानं पेन्सिल धरते, त्या पावलानं मांजराला गुदगुल्या करते, अंथरुणात पडल्या पडल्या त्याच बोटांनी चादर अंगावर ओढून घेते. जितंजागतं पाऊल कापून टाका असं तोंडातून काढायला त्याची जीभ रेटेना. "तुम्हाला पटतंय तर करा," हर्षाली शेवटी म्हणाली. तिच्या त्या बोलण्यात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. दवाखान्यात सही करायची वेळ आली तेव्हा ती पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेली ती कागद आत जाईपर्यंत आलीच नाही. कागदावर एकट्या धनराजची सही राहिली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते चार वाजता संपलं. सृष्टी घरी आली तेव्हा कमरेपासून खालपर्यंत प्लास्टरमध्ये होती. ते दोन महिने घर माणसांनी नुसतं भरलेलं असायचं. शहाळी, बिस्किटांचे पुडे, रंगाच्या पेट्या. धनराजचा थोरला भाऊ लहानू शेजारीच राहायचा. त्याची पोरं तर दिवसभर सृष्टीच्या खाटेवरच. जो येई तो प्लास्टरवर हात ठेवून म्हणे, "लय धीराची पोर हाय." आत बोटं कुठल्या दिशेला आहेत, हे कुणी विचारलं नाही. धनराजनंही आपण होऊन सांगितलं नाही.

मग प्लास्टर निघालं.

खरं सांगायचं तर धनराजनंही आधी नजर बाजूला घेतली. बाहुली वेगळी आणि हे वेगळं. मांडीला जोडलेली ती पांढुरकी, सुरकुतलेली टाच पुढे बघत होती. करंगळी आतल्या अंगाला आली होती आणि अंगठा बाहेरच्या. मधे शिवणीची लांब रेघ. पण सृष्टी पायाकडे बघतच नव्हती, ती बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"पप्पा, वाईट दिसतं का?"

"नाय गं. नवीन दिसतंय," तो म्हणाला.

हर्षालीनं एकदाच बघितलं आणि ती कापूस आणायला म्हणून गेली.

तिथून पुढे ते पाऊल धनराजचं झालं. तेल लावणं, कोमट पाण्यानं पुसणं, दिवसातून तीनदा व्यायाम. "बोटं खाली दाब. आता वर घे. खाली. वर." पहिले काही दिवस सृष्टीचाच गोंधळ उडायचा. अंगठ्याला खाज सुटली की हात आतल्या बाजूला जायचा आणि करंगळी हाताला लागायची; मग दोघं हसायचे. हर्षाली पोरीची वेणी घालायची, तिला भरवायची, अभ्यास घ्यायची, रडली की छातीशी धरायची. पण अंघोळ घालताना मांडीपर्यंत यायची आणि हाक मारायची, "अहो, या जरा." धनराजची आई सखुबाई सकाळ-संध्याकाळ नातीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. एकदा ती लेकाला बाजूला घेऊन म्हणाली, "मला ती जिवापाड हाय रे. पण डोळ्याला सोसत नाय. काय करू?" धनराज म्हणाला, "काय नको करू, आई." म्हातारी बोलून तरी दाखवते, एवढंच त्याला बरं वाटलं.

याच सुमारास मोबाईलवर बातम्या देणारा एक माणूस मळ्यात आला. दुर्मिळ ऑपरेशन झाल्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं. धनराजला वाटलं, आपल्यासारखं कुणी असेल, त्याच्या तरी उपयोगी पडेल. त्यानं सृष्टीला नवा फ्रॉक घालून शेवंतीच्या वाफ्यापाशी खुर्चीत बसवलं. त्या माणसानं दोन-चार प्रश्न विचारले आणि मग म्हणाला, "बाळा, जरा पाय वर कर. अजून. हां, असाच धर." डॉक्टरबाईंनी समजावलेलं सगळं, घोट्याचा गुडघा कसा होतो ते, धनराजनं दहा मिनिटं जीव तोडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. वर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'नाशिकच्या चिमुकलीचा पाय डॉक्टरांनी बसवला उलटा! बघून हादरून जाल.' धनराजचं बोलणं त्यात अर्धा मिनिटही नव्हतं. पाऊल मात्र चार वेळा दाखवलं होतं, एकदा तर संथ गतीनं, मागे कसलंसं भेसूर संगीत लावून.

वस्तीच्या चौफुलीवर भिकनआप्पांची चहाची टपरी होती. धनराज तिथं पोचला तेव्हा आप्पा चष्मा कपाळावर चढवून, खालच्या कमेंटी मोठ्यानं वाचून दाखवत होते. "'दवाखान्यावर केस करा.' 'बापानं पैसे घेतले असणार.' 'गरिबाच्या पोरीवर प्रयोग.' 'डॉक्टरांना सलाम.' हां, हे एक बरं हाय. 'देवानं दिलं तसं राहू द्यायचं होतं.' 'अमावास्येला हिला बाहेर सोडू नका,' आन् पुढं हसणारी तोंडं, मोजत बसावं इतकी..." मागे धनराज उभा आहे हे लक्षात आल्यावर आप्पांनी मोबाईल उपडा ठेवला. "बस की. चहा घे," ते म्हणाले. बाकावरचे दोघे सरकले. जागा होती, तरी ते उठूनच गेले.

धनराज चहा प्याला. आप्पा भला माणूस. धनराजच्या बापाच्या अंत्यविधीला पहिली मोळी त्यानंच आणली होती. "डॉक्टरचं चुकलं असंल तर तसं सांग," आप्पा हळूच म्हणाले. "गाव तुझ्या मागं उभं राहील. मोर्चा काढू."

"चुकलेलं नाय, आप्पा. असंच करायचं असतंय ते."

"आसं?" आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून धनराजला कळलं की डॉक्टरची चूक असती तर फार बरं झालं असतं. मग सगळेच त्याच्या बाजूनं असते.

त्यानंतर लहानूची पोरं खाटेवर यायची बंद झाली. वहिनी कुंपणापलीकडून म्हणाली, "परीक्षा हाय त्यांची." परीक्षा झाली, सुट्टी लागली, पोरं आली नाहीत. फुलं तोडायला येणाऱ्या दोन बायांनी दुसरा मळा धरला. आणि एक दिवस पहाटेच्या फुलबाजारात भिमाबाईनं धनराजला हात धरून बाजूला घेतलं. भिमाबाई गोदाकाठी देवळांच्या रांगेत हार विकायची. धनराज मिसरूड फुटायच्या आधीपासून तिला फुलं द्यायचा. ती त्याला कधी भाव पाडून मागायची नाही.

"धनराजभाऊ, मी आशी तोंडावरच बोलती," ती म्हणाली. "फुलं तुझीच घेईन. पण तू नको येत जाऊ. दुसऱ्या कुणाच्या हातानं धाड. मोबाईलात समद्यांनी बघितलंय. गिऱ्हाईक इचारतंय, हा त्याच पोरीचा बाप ना? देवाला वाहायची फुलं रे ती."

"फुलाला काय झालंय, मावशी?"

"फुलाला काय नाय झालं. मला बी म्हाईत हाय." तिनं त्याच्या दंडावर थोपटलं. "पण माझं पोट त्यावर हाय."

त्या दिवशी तो फुलांनी भरलेले कॅरेट तसेच घेऊन परत आला. घरी त्यानं सांगितलं, आज उठाव नव्हता. पुढे लग्नाचे मांडव सजवणारा एक जण भेटला. त्याला फुलं ट्रकात टाकून मिळाली की झालं, कुणाच्या मळ्यातली ते तो विचारत नसे. मळा चालू राहिला. फक्त पहाटेचा बाजार सुटला, आणि बाजाराबरोबर रोजच्या दहा माणसांशी होणारं बोलणंही सुटलं.

दुपारी निशिगंधाच्या वाफ्यात बसून धनराज मोबाईलवर परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघायला लागला. डॉक्टरबाईंनीच शोधायचं कसं ते शिकवलं होतं. भाषा कळत नव्हती. पण एक सोनेरी केसांची मुलगी तसाच उलट्या पावलाचा पाय नकली पायात घालून समुद्राच्या कडेनं पळत होती, आणि तिचा बाप मागून मोठ्यानं हसत होता. तो बाप धनराजनं पुन्हा पुन्हा बघितला. एकदा हर्षालीला दाखवायला गेला. तिनं बघितलं, आणि म्हणाली, "त्यांच्याकडं कुणी काय म्हणत नसंल." मग ताट वाढायला घेतलं.

पावसाळा सरता सरता नकली पाय आला. पहिल्या आठवड्यात सृष्टी चार वेळा पडली, पाचव्या वेळी पडली नाही. दिवाळीनंतर ती कुबडी न घेता शाळेत गेली, लांब विजार घालून. सव्वीस जानेवारीला शाळेतल्या बाईंनी तिला झेंड्यापुढे चालायला लावलं. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. लहानू रडला. वहिनीनं पेढे आणले आणि सगळ्यांदेखत सृष्टीची अलाबला घेतली. "बरी झाली गं माझी बाय," ती म्हणाली. भिकनआप्पांनी टपरीवर धनराजला मिठी मारली आणि त्या सकाळचा चहा सगळ्यांना फुकट पाजला. मोबाईलवाला माणूस पुन्हा आला. या वेळच्या व्हिडिओखाली सलाम आणि जोडलेले हात, शंभर-शंभर.

धनराज टाळ्यांमध्ये उभा होता. आनंद झालाच होता, नाही कसं म्हणणार? पण त्याला दिसत होतं की लोक विजारीला टाळ्या वाजवतायत. आतलं पाऊल होतं तिथंच होतं, होतं तसंच होतं. तेच चालत होतं. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

हर्षाली त्या दिवसांत पुष्कळ हसायची. तिनं सृष्टीला सहा लांब विजारी घेतल्या, माहेरच्या लग्नाला नेलं, बहिणींच्या घोळक्यात मिरवलं. घरी आल्यावर सृष्टी नकली पाय काढून भिंतीला टेकवून ठेवायची आणि पाऊल मोकळं सोडून खाटेवर पडायची. हर्षाली येता-जाता त्यावर चादर टाकायची, जशी उघड्या दुधावर झाकणी ठेवावी तशी, मनात काही न आणता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी धनराज पाणी प्यायला घरात आला, तर सृष्टी जमिनीवर चित्र काढत बसली होती. त्याच्या पावलांचा आवाज ऐकताच तिनं शेजारची ओढणी झटकन ओढून पायावर घेतली. मग वर बघितलं.

"पप्पा होय," ती म्हणाली, आणि ओढणी बाजूला करून पुन्हा रंगवायला लागली.

झाकायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धनराज माठापाशी तसाच उभा राहिला आणि पाणी न पिताच बाहेर गेला.

मार्चमध्ये एक फोन आला. येवल्याहून चंदर नावाचा कुणी बोलत होता. पैठणीच्या मागावर काम करतो म्हणाला. जुना व्हिडिओ बघून, चार ठिकाणी विचारून त्यानं नंबर मिळवला होता. "आमचा मुलगा दीड वर्षाचा हाये, दादा. त्याची मांडी... तुमच्या मुलीसारखीच. डॉक्टर दोन्ही सांगतात. आम्ही बघायला आलो तर चालंल का? तुम्हाला राग येणार नसंल तर."

राग? धनराजनं त्यांना येत्या रविवारी या म्हणून सांगितलं. त्या चार दिवसांत त्यानं एका वहीत सगळं लिहून काढलं: प्लास्टरमध्ये खाज सुटली तर काय करायचं, तेल कुठलं, मोजे कुठले, कुठे काचतं, नकली पायाचं माप किती महिन्यांनी बदलतं. शेवटी लिहिलं, 'पोर आपल्या तोंडाकडे बघत असते. तोंड सांभाळायचं.' हे त्यानं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

रविवारी ते एसटीनं आले, स्टँडवरून रिक्षानं. चंदर बारीक चणीचा, तिशीच्या आतला. बायको मीना त्याच्याहून उंच, कमी बोलणारी. आणि तिच्या कडेवर स्वराज. धनराजनं पोराला आपल्याकडे घेतलं. ते आखूड, लोंबतं पाऊल त्याच्या पोटावर आपटलं आणि सृष्टी दीड वर्षाची होती तेव्हाचं सगळं ओझं जसंच्या तसं त्याच्या हातांना ओळखीचं वाटलं. त्यानं तोंड फिरवून जरा दम खाल्ला.

सृष्टी खाटेवर बसली होती. चादर मांडीवर होती. "दाखवशील का?" धनराजनं विचारलं. तिनं बाळाकडे बघितलं, मग चादर काढली.

चंदरनं बघितलं आणि तो होता तिथंच थांबला. पण मीना पोराला परत कडेवर घेऊन जवळ गेली, खाली बसली आणि म्हणाली, "हात लावू?" सृष्टीनं मान हलवली. मीनानं टाचेवर हात ठेवला. तिच्या मांडीवरच्या स्वराजनं सृष्टीचा अंगठा मुठीत धरला आणि सोडेना. सृष्टी खिदळायला लागली. "मम्मी, बघ ना! सोडतच नाय!" हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात आली, बघून हसली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सृष्टीनं नकली पाय घालून दाखवला, ओट्याच्या पायऱ्या चढून दाखवल्या, अंगणात सायकलचा एक फेरा मारला. चंदर एकेक विचारत होता. "आमच्या मागावर खाली पायानं दाबायच्या फळ्या असतात. तेवढं जमंल का मोठेपणी?"

"दाबणं तर पहिलं जमतं," धनराज म्हणाला. "जोर सगळा घोट्यातच असतोय." तो बोलतच राहिला. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर येत होतं. वही दिली, फोनमधली ती सोनेरी केसांची मुलगी दाखवली. चंदर ऐकत होता आणि मधेच म्हणाला, "एवढं सगळं तुम्ही एकट्यानं ठरवलं?"

"सही एकट्याची," धनराज म्हणाला.

मीना तोवर आत गेली होती. पोह्याची परात घेऊन दोघी आतच बसल्या होत्या; बराच वेळ त्यांचं हळू आवाजात बोलणं चालू होतं. निघताना मीनानं हर्षालीचे दोन्ही हात धरले. धनराज त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. रिक्षात बसता बसता चंदर म्हणाला, "दादा, तुम्ही भेटलात, लय आधार झाला."

त्या आठवड्यात धनराज गुणगुणत काम करायचा. पुढच्या वर्षी स्वराजचं प्लास्टर निघेल तेव्हा आपण येवल्याला जायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. सृष्टीचे लहान झालेले मोजे त्यानं धुऊन पिशवीत घालून ठेवले. सृष्टी रोज विचारायची, "बाळ परत कधी येणार?"

फोन बारा दिवसांनी आला. धनराज ठिबकची नळी जोडत होता.

"दादा, ठरलं आमचं," चंदर म्हणाला. "आम्ही काढून टाकायचं ठरवलं. पाऊल. थोडा मोठा झाला की."

धनराजनं नळी खाली ठेवली.

"तुमचं काही चुकलं असं नाय, दादा. तुमची पोर तर... मी एवढं चांगलं कुणाचं बघितलेलं नाय. पण मीनाचं वहिनींशी बोलणं झालं. मीना म्हणते, मला जमणार नाय. आणि मलाही, खरं सांगू, बघताना... तुमच्यासारखी छाती नाय आमची. राग मानू नका."

"नाय, राग कशाचा," धनराज म्हणाला. "पोर तुमचं हाय. काळजी घ्या." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "वही असू द्या तुमच्याकडं," तो म्हणाला.

फोन ठेवून तो तिथंच बांधावर बसला. वर ऊन होतं, कालव्याला पाणी नव्हतं. पलीकडच्या मळ्यात कुणी तरी कुणाला तरी हाका मारत होतं. जगात एक माणूस आपल्यासारखा होणार होता, तो आता होणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

संध्याकाळी हर्षाली ओट्यावर गवार मोडत बसली होती. सृष्टी शेजारच्या अंगणात होती. विजार घातल्यापासून लहानूची पोरं पुन्हा यायला लागली होती. धनराजनं सांगितलं. हर्षालीचे हात थांबले नाहीत.

"तू काय बोललीस तिला?"

"तिनं विचारलं."

"काय विचारलं?"

"म्हणाली, ताई, तुम्हाला सुरुवातीला कसं वाटलं? मी म्हटलं, सुरुवातीला कशाला, अजून मला हात लावता येत नाय." तिनं शेंगेचं देठ बाजूला टाकलं. "म्हटलं, नऊ महिने पोटात वागवली, आणि आता तिच्या पायावर चादर टाकते. मला माझी लाज वाटते, पण हात पुढं जात नाय. मग ती रडायला लागली. मी बी रडले."

धनराज भांडायच्या तयारीनं आला होता. वर्षभराचं सगळं ओठांवर होतं. पण तिच्याकडे बघितल्यावर ते विरघळून गेलं.

"मला कधी बोलली नायस हे," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत?" तिचा आवाज चढला नव्हता. "सही केली त्या दिवसापासून तुम्ही आणि ती. बोटं खाली, बोटं वर. मी दारात. घरात कुणी विचारलं नाय, माहेरी कुणी विचारलं नाय. सगळे म्हणाले, पोर बरी झाली, तू नशीबवान. त्या येवल्याच्या बाईनं विचारलं. पहिल्यांदा कुणी तरी विचारलं, तर खोटं बोलू?"

"नाय," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "नाय."

तो ओट्यावर, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. त्यानं परडीतली मूठभर गवार घेतली आणि मोडायला लागला. अंगणात सृष्टी राज्य देत होती, मोठमोठ्यानं आकडे मोजत.

"दुखतं का तिला?" हर्षालीनं खाली बघतच विचारलं. "तिथं. शिवलेल्या जागी."

"थंडीत जरासं. तिला विचार ना."

"विचारीन."

त्या दिवशी तिनं विचारलं नाही. नंतरचे दोन-तीन दिवसही नाही. धनराजनंही आठवण करून दिली नाही.

शनिवारी नकली पायाचं माप बदलायला जायचं होतं. वर्षात सृष्टी चार बोटं वाढली होती. दर वेळी धनराज एकटाच तिला मोटारसायकलवर पुढे बसवून नेई. त्या शनिवारी तो गाडी बाहेर काढतो तर हर्षाली साडी बदलून, हातात पर्स घेऊन ओट्यावर उभी. सृष्टी पुढे बसली, हर्षाली मागे.

पाय बनवणाऱ्याच्या त्या छोट्या खोलीत एक बाक होता आणि समोर भिंतीला कॅलेंडर. त्या माणसानं सृष्टीला उंच स्टुलावर बसवलं, पट्टे सोडवले, मोजा खाली सरकवला. पाऊल उजेडात आलं. टाचेवर घट्ट झालेल्या नकली पायाचा लाल वळ उठला होता.

धनराजनं बायकोकडे बघितलं. हर्षाली कॅलेंडरकडे बघत होती, पर्सचा बंद मुठीत आवळून. पाणी आणायला म्हणून ती उठली नाही, फोन आला म्हणूनही उठली नाही. माप घेऊन होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती तिथंच बसून राहिली.